दुपारी बागेला कुलूप कशासाठी?

मे महिन्यातला रविवार होता. आम्ही चार मैत्रिणी, दोघींचे नवरे, एकीच्या सासूबाई आणि पाच ते तेरा वयाची सात मुलं, असा सगळा लवाजमा सकाळी साडेनऊला आमच्या भागातल्या महापालिकेच्या बागेत पोचला. करंजाच्या झाडाखाली दोन सतरंज्या अंथरल्या. पन्ह्याचा थर्मास, दडपे पोहे, थालीपीठं, दह्याचा डबा आणि फोडी करून आणलेलं कलिंगड मधोमध ठेवलं. करंज फुलला होता. त्याची पांढरट-गुलाबी फुलं सासूबाईंच्या पदरावर टपटपत होती आणि त्या ती न झटकता तशाच बसल्या होत्या. मुलांनी फरशीचे तुटके तुकडे शोधून आणले, त्यातले सात निवडले आणि लगोरी रचली. राज्य कुणावर यावरून वाद घालण्यात दहा मिनिटं गेली. ती दहा मिनिटं कुणीही मोबाइल मागितला नाही.

पावणेअकराला शिट्टी वाजली. वॉचमन दादा प्रत्येक बाकापाशी जाऊन सांगत होते, "चला, आवरा, अकराला बाग बंद." पुन्हा कधी उघडणार? चार वाजता. आम्ही अर्धं कलिंगड झाकलं, सतरंज्या झटकल्या आणि बाहेर पडलो. फाटकाबाहेर सावली नव्हती. रिक्षा मिळेपर्यंत मुलं डांबरी रस्त्यावर उन्हात उभी राहिली. ज्या उन्हापासून त्यांना वाचवायचं म्हणतात, ते ऊन त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा लागलं ते बागेतून बाहेर काढल्यावर.

मला या शिट्टीबद्दल बोलायचं आहे. पुण्यात महापालिकेच्या दोनशेहून अधिक बागा आहेत. त्यांतल्या बहुतेक सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास उघड्या असतात, मधल्या वेळात फाटकाला कुलूप. राज्यातल्या इतर शहरांतही हे चित्र फारसं वेगळं नाही. मे महिन्यात आपल्याकडे उजेड साधारण तेरा तास असतो. आमच्या बागेच्या वेळापत्रकाप्रमाणे त्यातले पाच तास बाग कुणाचीच नसते. आणि शाळेला सुट्टी असते ती नेमकी याच महिन्यात.

हे वेळापत्रक कुणासाठी आखलं आहे ते बागेत एकदा नजर फिरवली की कळतं. सकाळी चालणारे येतात, संध्याकाळीही चालणारे येतात. कडेनं चालण्याचा ट्रॅक, कोपऱ्यात ओपन जिम. चालणाऱ्यांबद्दल माझी काहीच तक्रार नाही, माझे वडील रोज पाच फेऱ्या मारतात आणि त्यामुळे त्यांचे गुडघे धड आहेत. पण बाग ही फेरी मारून परत जायची जागा झाली, थांबायची राहिली नाही. मुलांबरोबर, सोबत्यांबरोबर उन्हाळ्यातला एक अख्खा दिवस झाडाखाली काढायचा, तर त्यासाठी थांबता आलं पाहिजे.

थांबण्यानं काय होतं ते मला पुढच्या रविवारी पाहायला मिळालं. आम्ही हट्टानं पुन्हा जमलो आणि या वेळी एम्प्रेस गार्डनला गेलो. तिथे तिकीट काढावं लागतं, पण दुपारी बाहेर काढत नाहीत. ती बाग महापालिकेची नाही, ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही जुनी संस्था ती सांभाळते. जानेवारीत तिथे फुलांचं प्रदर्शन भरतं तेव्हा अर्धं पुणं लोटतं, मे महिन्यात मात्र कसं निवांत असतं. प्रचंड जुनी झाडं आणि त्यांवर चढलेल्या, माणसाच्या मांडीएवढ्या जाड वेली. खाली ऊन पोचतं ते नाण्यांएवढ्या कवडशांनी.

पहिला तास मुलं पळाली. दुसऱ्या तासात जेवली. साडेबाराच्या सुमाराला सगळी येऊन सतरंजीवर पडली आणि एकामागून एक म्हणू लागली, "कंटाळा आला." आठ वर्षांच्या एकानं घरी जायचं का म्हणून विचारलं. आम्ही गप्पांत होतो, कुणी उत्तर दिलं नाही. पंधरा-वीस मिनिटं ती नुसती लोळत होती. मग एकीला मुंग्यांची रांग दिसली. ती खोडाच्या भेगेतून निघून आमच्या थालीपिठाच्या चुऱ्यापर्यंत येत होती. चुरा उचलून दुसरीकडे ठेवला तर त्यांना किती वेळात सापडतो, असा प्रयोग सुरू झाला. मग काडीचा पूल, मग वाळक्या पानांचं धरण, मग त्या धरणावरून भांडण, मग दोन गट, मग डबा ऐसपैस. दोन वाजता सासूबाई हाताची उशी करून गाढ झोपल्या होत्या. तेरा वर्षांचा मुलगा, जो घरी खोलीचं दार लावून घेतो, तो पाच वर्षांच्या चिमुरडीला लपायला जागा शोधून देत होता. आणि आम्ही चौघी? वीस वर्षांची मैत्री असून एकमेकींना न सांगितलेल्या दोन गोष्टी त्या दुपारी बोलल्या गेल्या. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

सांगायचं आहे ते हे की कंटाळा येऊन गेल्याशिवाय पुढचं काही झालं नसतं. दीड तासाच्या भेटीत मुलं घसरगुंडी, झोपाळा आणि आइसक्रीम एवढंच करू शकतात, कारण तेवढाच वेळ असतो. स्वतःचा खेळ स्वतः रचायला आधी रिकामं व्हावं लागतं. मोठ्यांचंही तसंच. पहिल्या तासात आपण नोकरी, ट्रॅफिक आणि शाळेच्या फिया यांवर बोलतो. निवांत बोलणं त्याच्यानंतर येतं. निवांतपणा हा लांबीतून येतो, आणि बागेच्या वेळापत्रकानं दिवसाची लांबीच मधोमध कापून टाकली आहे.

आता उन्हाचं. मी हा विषय काढला की पहिला प्रश्न हाच येतो, "अगं, पण दुपारी बाहेर? ४० अंशांत?" प्रश्न रास्त आहे आणि मी तो झटकणार नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात उघड्या मैदानावर बसलेल्या लाखो लोकांपैकी १४ जणांचा उष्माघातानं जीव गेला. ऊन जीव घेतं. दुपारी बारा ते तीन उन्हात जाऊ नका, हा राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचा सल्ला अगदी योग्य आहे. पण त्या सल्ल्यातला शब्द 'उन्हात' असा आहे. आपण तो 'घराबाहेर' असा ऐकतो, आणि सगळा घोटाळा तिथे होतो.

हवामान खातं जे तापमान सांगतं ते सावलीतलं असतं. जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत तापमापक ठेवलेला असतो, त्याच्यावर ऊन थेट पडू देत नाहीत. म्हणजे पेपरात ४० अंश छापलं असेल तर डांबर, सिमेंट, पेव्हर ब्लॉक आणि लोखंड त्याहून कितीतरी जास्त तापलेलं असतं. अंगाला भाजतं ते या पृष्ठभागांमुळे आणि थेट किरणांमुळे. दाट झाडाखाली हे दोन्ही टळतं. झाड नुसतं छत धरत नाही, पानांतून पाणी सोडून भोवतालची हवाही थोडी उतरवतं. पुण्यासारख्या कोरड्या उन्हाळ्यात याचा फरक अंगाला लगेच कळतो. कोकणात घाम जास्त, पण तिथे वारा असतो, आणि भर दुपारी आंब्याच्या बागेत बाजा टाकून पडणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत.

दुसरी बाजू अशी की 'घरी थांबा' या सल्ल्यात घर थंड असल्याचं गृहीत धरलेलं असतं. माझ्या घरी एसी आहे, मला तो सल्ला पाळता येतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचं घर पत्र्याचं आहे. एक खोली, वर सिमेंटचा पत्रा, एकच खिडकी आणि तीही समोरच्या भिंतीवर उघडणारी. मे महिन्यात एक वाजता त्या खोलीत पंखा गरम हवाच फिरवतो. त्यांची दोन मुलं दुपारी जिन्याखाली बसतात, कारण वस्तीतली तेवढीच एक जागा जरा थंड आहे. तिथून चालत सात मिनिटांवर करंज, कडुनिंब आणि वडाची सावली आहे, आणि तिला कुलूप आहे. ताई स्वतः सकाळची कामं संपवून संध्याकाळची सुरू होईपर्यंतचे दोन तास कुठे बसतात, हे मी बरीच वर्षं विचारलंच नव्हतं. त्या एका बंद दुकानाच्या पायरीवर बसतात. दुपारची बाग उघडी ठेवणं म्हणजे माझ्यासारखीची सहल सोपी करणं एवढंच नाही. ही त्या मुलांच्या आणि त्या ताईंच्या जिवाची गोष्ट आहे. डिलिव्हरीचं काम करणारी पोरं दुपारी पुलाखाली गाडीवरच मान टाकून झोपतात, त्यांचीही.

२०१० च्या मे महिन्यातल्या भयंकर उष्णतेनंतर अहमदाबाद महापालिकेनं २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला, आणि त्यानंतर आपल्याकडच्या शहरांनीही असे आराखडे करायला घेतले. या आराखड्यांत उन्हातून आलेल्या माणसाला टेकायला सावलीच्या, गारव्याच्या जागा हव्यात, असा विचार असतो. मग ज्या जागेत आधीच झाडं आहेत, बाकं आहेत, पाण्याचा नळ आहे, ती जागा नेमकी त्याच वेळात बंद कशी?

नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तिथे ऐन दुपारी झाडाखालीसुद्धा बसवत नाही हे मला ठाऊक आहे. तिथे बागा पहाटे लवकर आणि रात्री उशिरापर्यंत उघड्या ठेवाव्यात. हवामान खात्यानं तीव्र उष्णतेचा इशारा दिला असेल त्या दिवशी पुण्यातही मुलांना घेऊन कुणी निघू नये. वेळापत्रक गावच्या हवेप्रमाणे ठरावं. आज ते हवेप्रमाणे ठरत नाही, सवयीनं चालत आलं आहे.

अर्थात नुसतं फाटक उघडून भागणार नाही, कारण नव्या बागांमध्ये सावलीच नाही. गेल्या काही वर्षांत झालेली कुठलीही बाग डोळ्यांपुढे आणा. दाराशी कारंजं, मधोमध लॉन, कडेनं रांगेत उभे केलेले बाटलीसारख्या खोडाचे पाम आणि बाकी सगळे पेव्हर ब्लॉक. पामखाली एक माणूस उभा राहिला तर त्याच्या डोक्यावर सावली येते, खांद्यावर येत नाही. लॉन हे तर सावलीचं वैरीच, त्याला दिवसभर ऊन लागतं आणि उन्हाळ्यात पाणी पाजून पाजून जगवावं लागतं. त्यावर "हिरवळीवर चालू नये" अशी पाटी. आमच्या बागेतली खेळणी उघड्यावर आहेत. त्या रविवारी साडेदहालाच घसरगुंडीचा पत्रा असा तापला होता की पाच वर्षांची मुलगी अर्ध्यावर किंचाळली. तिच्या मांडीवर लाल पट्टा उठला होता, दह्याच्या डब्याचं थंड झाकण त्यावर धरून बसलो.

आपल्या मातीतली झाडं उन्हाळ्यासाठीच घडलेली आहेत. करंज आणि कडुनिंब इतरांची पानगळ चालू असतानाच नवी पालवी काढतात आणि एप्रिल-मेमध्ये गच्च होतात. चिंच, जांभूळ, आंबा, वड, पिंपळ, सगळी हीच दाट सावलीची मंडळी. बहावा मे महिन्यात सोन्यानं लगडतो, पण सावलीसाठी मी त्याच्यावर विसंबणार नाही, तो डोळ्यांसाठी लावावा. जुन्या लोकांना हे कळत होतं. रस्त्याकडेला वड, विहिरीपाशी उंबर, देवळापुढे पिंपळ आणि त्याला बसायला पार. पार ही आपल्याकडची थांबण्याची सार्वजनिक जागा होती, तिला फाटक नव्हतं. खेळणी करंजाखाली हलवायला आणि लॉनच्या कडेनं कडुनिंब लावायला मोठा निधी लागत नाही. दर पावसाळ्यात वृक्षारोपणाचा कार्यक्रम होतोच. त्या खड्ड्यात काय लावायचं एवढंच ठरवायचं आहे.

दुपारी बाग उघडी ठेवायला विरोध करणारे तीन कारणं देतात. पहिलं, दुपारी झाडांना पाणी घालायचं असतं, सफाई करायची असते. पाणी भर दुपारी घातलं तर त्यातलं बरंचसं वाफ होऊन जातं, कुठलाही माळी ते सकाळी किंवा संध्याकाळी घालायला सांगेल. सफाई बागेचा एकेक कोपरा दोरी लावून करता येते. दुसरं, कर्मचारी नाहीत. हे खरं आहे. एका वॉचमनकडून तेरा तास काम घेऊ नये, दोन पाळ्या कराव्यात आणि त्याचा खर्च महापालिकेनं करावा. कारंज्यांवर आणि रंगीत दिव्यांवर होतो त्या खर्चापेक्षा मला तो जास्त पटतो.

तिसरं कारण दबक्या आवाजात सांगतात: दुपारी जोडपी येऊन बसतात, कुणी झोपतं, कुणी दारू पिऊन पडतं. दारू पिणाऱ्याला बाहेर काढावं, त्यासाठी नियम आहेतच. पण दमलेला माणूस झाडाखाली झोपला तर त्यानं बागेचं काय बिघडतं? आणि दोन तरुण जीव बाकावर बसून बोलत असतील तर माझ्या मुलांचं त्यात काहीही नुकसान नाही. उलट, ओसाड बागेत धोका असतो. आज्या, आया, मुलं, डबे, सतरंज्या यांनी भरलेल्या बागेत सगळे एकमेकांवर लक्ष ठेवून असतात, तिथे वावगं करायला कुणी धजत नाही. दादरचं शिवाजी पार्क १९२५ पासून लोकांचं आहे. त्याच्या कट्ट्यावर भर दुपारी पर्जन्यवृक्षांखाली कॉलेजची पोरं, पेन्शनर, डबा खाणारे कामगार शेजारी शेजारी बसतात. कट्ट्याला कुलूप नाही आणि त्यामुळे शिवाजी पार्कची काही अवनती झालेली नाही. तो कट्टा मुंबईकरांच्या जिवाचा आहे तो याच मोकळेपणामुळे.

केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलं आहे. आपली मोठी शहरं त्याच्या जवळपासही नाहीत, मुंबईची अवस्था तर सगळ्यांना माहीत आहे. नवी जमीन कुठून आणायची हा प्रश्न अवघड आहे हे मान्य. पण आहे ती जमीन आणखी पाच तास वापरू देणं अवघड नाही.

आणि वापरू देणं म्हणजे खरोखर वापरू देणं. आमच्या बागेच्या दारावरची पाटी मी त्या दिवशी नीट वाचली. चेंडू खेळू नये. खाद्यपदार्थ आणू नयेत. झाडावर चढू नये. सतरंजी अंथरू नये असंही एका ओळीत होतं, वॉचमन दादांनी त्याकडे कानाडोळा केला हे त्यांचे उपकार. मुलांना करण्यासारखी एकही गोष्ट त्या पाटीवर नव्हती. सूरपारंब्या नावाचा आपला एक खेळ आहे. काठी लांब फेकायची, राज्य असलेल्यानं ती आणेपर्यंत बाकीच्यांनी झाडावर चढायचं. या खेळाला झाडच लागतं, दुसरं काही चालत नाही. माझ्या वडिलांची पिढी तो वडावर खेळली, मी आमराईत खेळले, माझ्या मुलीला त्याचं फक्त नाव ठाऊक आहे. सगळ्या झाडांवर चढू द्या असं मी म्हणत नाही. बागेतलं एक बुटकं, मजबूत फांद्यांचं झाड मुलांचं म्हणून ठेवा आणि खाली माती भुसभुशीत करून द्या. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या ३१व्या कलमात मुलांचा विश्रांतीचा आणि खेळण्याचा हक्क मान्य केला आहे. भारतानं १९९२ मध्ये ती संहिता स्वीकारली. तो हक्क पैसे भरून घेतलेल्या समर कॅम्पपुरता, किंवा रिसॉर्टच्या एक दिवसाच्या पॅकेजपुरता नाही.

स्वच्छतागृहाबद्दल फार लिहायची गरज नाही, बायकांना एका वाक्यात कळेल. दिवसभर बाहेर राहायचं म्हटलं की आम्ही पाणी कमी पितो. उन्हाळ्यात हे किती वाईट आहे ते कुठल्याही डॉक्टरला विचारा. स्वच्छ, पाणी असलेलं, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह आणि माठातलं पाणी, एवढं असेल तर आज्या-आया दिवसभर थांबतील.

आम्ही चौघींनी मिळून महापालिकेला द्यायचा अर्ज लिहिला आहे. १ मे ते १५ जून, आमच्या एका बागेपुरता प्रयोग. दुपारी फाटक उघडं, खेळणी करंजाखाली, सतरंजीला परवानगी, मुलांसाठी एक झाड, दोन माठ, स्वच्छतागृहाला नवी कडी. गेल्या आठवड्यात सह्या घ्यायला बागेत गेलो, तेव्हा वॉचमन दादांनाही वाचायला दिला. फाटकाशी त्यांची पत्र्याची केबिन आहे, तिच्यावर सावली नाही. अकरा ते चार ते तिथेच बसतात, कुलपाची किल्ली खिशात घेऊन. त्यांनी अर्ज सावकाश, ओठ हलवत पूर्ण वाचला आणि म्हणाले, "ताई, खाली जागा आहे, अजून एक लिहा. वॉचमनची खुर्ची झाडाखाली."

लिहिलं. त्याखाली पहिली सही त्यांची आहे.